केसपेपरच्या खिडकीतून: कुठल्या दुखण्याला कुठलं दार

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये रात्री-अपरात्री कुणाला काही झालं की माझी बेल वाजते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. एका सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे २७ वर्षं बसले, एवढंच माझं भांडवल. नाव, वय, पत्ता, काय होतंय, कुठल्या रूमला जायचं, पुढचे या. दिवसाला शे-दोनशे माणसं. तिथे बसून एक गोष्ट पक्की कळली. लोक आजारापेक्षा जास्त हाल चुकीच्या दारात उभे राहून करून घेतात. सर्दी-खोकल्याचा माणूस दोन बस बदलून मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत, आणि छातीत कळ आलेला माणूस गल्लीतल्या दवाखान्याच्या बाकड्यावर नंबर लावून बसलेला.

बेल वाजवणारे विचारतात, "काकू, चांगलं हॉस्पिटल कुठलं?" मी उलट विचारते, हातात वेळ किती आहे? मिनिटं, तास, दिवस की महिने? त्यावर दार ठरतं. चांगलं-वाईट नंतर बघू.

मिनिटांची दुखणी

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका. रविवारची रात्र, घरात पावभाजी झालेली. साडेनऊच्या सुमारास छातीत जळजळ, दरदरून घाम, डावा हात जड. वहिनींनी ईनो पाजलं, पाठ चोळली. वीसेक मिनिटांनी जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, कारण ते जवळ होतं आणि त्यांच्या सुनेचं बाळंतपण तिथेच झालं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, मोठे डॉक्टर कुठल्याशा लग्नात. पन्नास मिनिटं गेली. मग निरोप आला, "हार्टचं आहे, मोठ्या ठिकाणी न्या." नर्सिंग होम पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट अशी की तिच्यात स्ट्रेचर मावत नाही. काकांना चादरीत घालून चौघांनी जिन्यावरून उतरवलं. एक पाय भिंतीला घासत होता, वहिनी त्यांची चप्पल हातात धरून मागे. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. काका वाचले, पण हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलं. आता दोन जिने चढले की थांबतात.

नर्सिंग होमची फार चूक होती असं मी म्हणत नाही. ते दार त्या दुखण्याचं नव्हतंच.

हार्ट अटॅकमध्ये बंद झालेली रक्तवाहिनी उघडावी लागते. त्यासाठी कॅथलॅब लागते, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली. माणूस दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी आणि नव्वद मिनिटांच्या आत वाहिनी उघडणं, हे डॉक्टर लोकांचं गणित. कॅथलॅब लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लहान ठिकाणीही देता येतं, पण ते देणारा डॉक्टर त्या क्षणी तिथे हजर हवा.

म्हणून आज, सगळे ठणठणीत असताना, एक काम करा. घरापासून जवळची दोन-तीन मोठी हॉस्पिटलं काढा आणि त्यांच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, फोन करून विचारा: कॅथलॅब चोवीस तास चालू असते का, रविवारी रात्रीसुद्धा? अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टर किती वेळात पोहोचतात? आमची पॉलिसी किंवा सरकारी योजना हार्टसाठी चालते का? समोरचा "या, बघू" म्हणाला तर ते नाव खोडा. आणि रस्त्याचाही विचार करा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळी सात वाजता तीन हात नाक्याकडे यायचं गणित करू नये. नकाशावरचं अंतर आणि त्या वेळचं अंतर यांचा काही संबंध नसतो.

पक्षाघातही मिनिटांतलाच. तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर राहत नाही, बोलणं बोबडं झालं की तेल चोळत बसू नका. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात साडेचार तासांच्या आत इंजेक्शन देता येतं, पण त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणजे सीटी स्कॅन नाही ते दार नको. आणि माणूस धड कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवा. "सकाळी उठले तेव्हाच असे होते" असं असेल तर रात्री झोपताना कसे होते ते सांगा. डॉक्टर हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि नातेवाईक चिडतात. चिडू नका, साडेचार तास तिथूनच मोजतात.

साप चावल्यावर मात्र उलटं. माझं माहेर मुरबाडकडचं. तिथे मोठ्या हॉस्पिटलच्या नादात माणूस वाटेत जातो. गावाकडे आरोग्याची उतरंड ठरलेली आहे: उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, त्यापुढे उपजिल्हा आणि जिल्हा. सपाट भागात साधारण तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात वीस हजारांना. सापाच्या विषावरची लस या सरकारी ठिकाणी मिळते. खासगीत ती असेलच असं नाही आणि असली तरी बिल डोळे पांढरे करतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर तीच एक लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. (आणलेत लोकांनी. एकदा खिडकीवर ठेवला होता माझ्या. अर्धमेला.) मण्यार फसवी. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, फारसं दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. पावसाळ्यात खाली झोपलेलं माणूस असं उठलं तर भगताकडे नाही, १०८ ला, म्हणजे सरकारी ॲम्ब्युलन्सला, फोन लावायचा. आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, हातपाय हलू देऊ नका.

१०८ फुकट आहे. महाराष्ट्रात ती २०१४ पासून चालू आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. बहुतेक वेळा ती सरकारी रुग्णालयात नेते, हे आधी माहीत असू द्या, ऐनवेळी ड्रायव्हरशी वाद नको. गरोदर बाईला आणि बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२. खासगी कार्डिॲक ॲम्ब्युलन्स घेत असाल तर बसायच्या आधी पैसे ठरवा आणि आत ऑक्सिजन खरंच चालू आहे का ते झाकण उघडून दाखवायला सांगा.

अपघाताचं एक. जखमी माणसाला "पोलीस केस आहे, सरकारीत न्या" असं सांगून कुठलंही हॉस्पिटल दारातून परतवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय, आधी जीव, कागद मागाहून. एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद हॉस्पिटल करतं, तुम्ही रक्त थांबवा.

तासांची दुखणी

कुत्रा चावला की लोक हळद लावून येतात, काहीजण तिखट. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात. लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरम, म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन, भरावं लागतं. निघण्याआधी फोन करून "सीरम आहे का" हे विचाराल तर एक फेरी वाचेल. पुढचे डोस तारखेला घ्यायचे. पहिला डोस तो शून्यावा दिवस, मग ३, ७, २८ वा असं काही ठिकाणी असतं, स्नायूत देतात तिथे १४ वाही येतो. माझ्या खिडकीवर तिसऱ्या डोसानंतर निम्मे लोक गायब व्हायचे. कुत्रा जिवंत दिसला म्हणून.

पावसाळ्यातला ताप हा ठाण्याचा खास विषय. डेंग्यू, मलेरिया, आणि तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो. सुरुवात फॅमिली डॉक्टरकडे नाहीतर पालिकेच्या आरोग्य केंद्रात, तिथे मलेरियाचं रक्त फुकट तपासतात. गुडघाभर पाण्यातून चाललात तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. डेंग्यूत माणसं प्लेटलेटच्या आकड्याला धरून बसतात. दीड लाखाच्या खाली आलं की घरात रडारड. नव्वद हजाराला ॲडमिट करून घेणारी ठिकाणं मी पाहिलीत, रोज दोनदा रक्त काढायचं आणि बिल फुगवायचं. खाटेची खरी गरज सांगतात ती दुसरी लक्षणं: पोटात सारखं दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी, माणूस सुस्तावणं. ही बहुतेकदा ताप उतरल्यावर येतात. घरचे तेव्हा निश्चिंत होऊन खिचडी लावायला घेतात. तो दिवस लक्ष ठेवायचा. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवायची वेळ साधारण दहा हजाराच्या खाली येते, त्यामुळे "चार बाटल्यांची सोय करा" असं कुणी पन्नास हजाराला म्हणालं तर का, ते विचारा.

बाळंतपण तसं तासांचं, पण दार महिनोन्‌महिने आधी ठरवायचं. नर्सिंग होमला तीन प्रश्न: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? रक्त कुठल्या पेढीतून येतं? बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर इथेच की दुसरीकडे? तिसऱ्याचं उत्तर "दुसरीकडे" असलं तरी चालेल, पण त्या दुसरीकडचं नाव त्यांना तोंडपाठ असलं पाहिजे. आईला बीपी, साखर, जुळं किंवा आधीचं सिझर असेल तर मात्र बाळांचं आयसीयू असलेलंच ठिकाण. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती खासगीत नाव घातलेल्यांनीही एकदा करून घ्यावी. दुसरं मत फुकट मिळतं.

दिवसांची दुखणी, म्हणजे आपली बहुतेक सगळी

इथे पहिलं दार फॅमिली डॉक्टर. माझ्या मुलीच्या पिढीला हे पटत नाही. ती घणसोलीला राहते, गुडघा दुखला की थेट ऑर्थो, डोकं दुखलं की न्यूरो. प्रत्येक जण आपापला स्कॅन सांगतो आणि पाचही गोळ्या एकमेकींशी भांडतात. फॅमिली डॉक्टर दोनशे-तीनशे रुपयांत सांगतो की यातलं काय थांबू शकतं. शिवाय त्याची चिठ्ठी घेऊन गेलात की स्पेशालिस्टकडे सुरुवात दहाव्या पानापासून होते.

पैशाची ओढाताण असेल तर पालिकेचं नागरी आरोग्य केंद्र. बीपी-शुगरच्या गोळ्या, बाळाची लस, बाळंतिणीची तपासणी, टीबीचा थुंकीतपास. यासाठी मोठ्या हॉस्पिटलला जाणं म्हणजे मिरच्या आणायला वाशीचं घाऊक एपीएमसी मार्केट गाठणं. आपल्या भागातल्या आशाताईंचा नंबर ठेवा, कुठल्या दिवशी लसीकरण, कुठल्या दिवशी कुठले डॉक्टर, हे त्यांना पाठ असतं.

याच्या वर पालिकेची रुग्णालयं. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, पालिकेचंच आणि मेडिकल कॉलेजला जोडलेलं. नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची. आणि राज्य सरकारचं आमचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय. सिव्हिलची जुनी इमारत पाडून नऊशे खाटांची नवी बांधायला घेतली तेव्हा ते मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं. पुढे कितीतरी दिवस माणसं जुन्या गेटवर जाऊन परत फिरायची आणि रिक्षावाल्याने "मेंटलला सोडू का?" विचारलं की बायका रागवायच्या. म्हणून निघण्यापूर्वी ओपीडी सध्या कुठे भरते ते विचारून घ्यावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. पालिकेचं आणि मेडिकल कॉलेजचं खातं वेगळं, तिथे नाममात्र का होईना, फी असू शकते. "सगळं फुकट आहे ना" म्हणून माझ्याशी भांडलेले लोक आठवतात मला.

सरकारी ओपीडीला कसं जायचं, हे मात्र मी नीट सांगणार. हा माझा प्रांत.

सकाळी लवकर जा, कारण केसपेपरची खिडकी डॉक्टरांच्या आधी बंद होते. जुना केसपेपर असेल तर तोच आणा. नवा काढला की डॉक्टरांसमोर तुम्ही नवे, आणि मागच्या महिन्याचा एक्स-रे पुन्हा. खिडकीवर आजाराचं नाव सांगू नका, त्रास सांगा. "मला स्लिपडिस्क आहे" म्हणालात तर मी ऑर्थोला पाठवणार. "लघवीला जळजळ आणि कंबर दुखते" म्हणालात तर मेडिसिनला, आणि तेच बरोबर असायचं. नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच. एका मावशींचं नाव एका कागदावर शकुंतला, दुसऱ्यावर सखू. ऑपरेशनच्या मंजुरीला आठ दिवस लागले त्यापायी. मोबाइलवर आभा, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, काढलेला असेल तर बऱ्याच ठिकाणी भिंतीवरचा कोड स्कॅन करून टोकन मिळतं, रांग वाचते. डॉक्टरांनी लिहिल्यावर थेट औषधाच्या खिडकीवर धावू नका, आधी रक्ताच्या खोलीत नंबर लावा. लॅब लवकर बंद होते, औषधाची खिडकी उशिरापर्यंत असते. पाण्याची बाटली, सुट्टे पैसे, आणि सोबत एक माणूस जो रांग धरेल. म्हातारं माणूस असेल तर शिपायाला "बाबांना बसायला जागा मिळेल का" एवढं गोड विचारा. बऱ्याचदा खुर्चीच काय, नंबरही पुढे सरकतो.

तपासण्या बाहेर करायच्या असतील तर एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेली लॅब बघा आणि रिपोर्ट एकाच लॅबचे ठेवा. औषधं लिहून आणलीत तर जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, आधी विचारा.

नर्सिंग होम, ट्रस्टचं, कॉर्पोरेट

दहा-पंधरा खाटांचं नर्सिंग होम हर्निया, अपेंडिक्स, सरळ बाळंतपण, सलाईन लावण्यापुरता ताप यासाठी उत्तम. डॉक्टर ओळखीचा, घरचा डबा चालतो, बिल आवाक्यात. जाताना एकच बघा, रात्री तिथे कोण असतं. पाटीवर पाच एमडींची नावं असतात आणि रात्री दोनला एक पोरगेला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. तोही हुशार असतो, पण त्याला आयसीयू सांभाळायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे. "आयसीयू" अशी पाटी असेल तर आत व्हेंटिलेटर किती, हे विचारायला लाजू नका. आणि लिफ्ट बघा. मी आता सगळ्यात आधी लिफ्टच बघते.

ट्रस्टच्या हॉस्पिटलांबद्दल फार कमी लोकांना ठाऊक आहे. धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या हॉस्पिटलला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. चकचकीत काचेच्या इमारतीही यात निघतात. रिसेप्शनवर विचारलंत तर "खाट नाही" ऐकाल. तिथे उभं न राहता समाजसेवा विभाग शोधा, त्या ताई किंवा दादांना एमएसडब्ल्यू म्हणतात. रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार दाखवून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतली की खाट निघते, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

राज्य सरकारच्या महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण यात ओपीडी नाही, ठरलेल्या यादीतले भरती होऊन घ्यायचे उपचारच. आणि हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे सगळ्या आजारांना आहे असं नाही. एखादं किडनीसाठी असतं, हार्टसाठी नसतं. योजनेत असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, भरती होण्याआधी त्याला गाठा. पैसे भरून मोकळे झालात की मागाहून योजना लावून घेणं महाकठीण. नाहीतर १५५३८८ वर फोन. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असो, सरकारी योजनेतल्या उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते आजच काढून ठेवा.

कॉर्पोरेट हॉस्पिटलात मेडिक्लेमवाले जातात आणि खोली निवडताना फसतात. पॉलिसीत खोलीभाडं रोजचं पाच हजार आणि तुम्ही आठ हजारांची खोली घेतलीत, तर वरचे तीन हजारच खिशातून जातील असं वाटतं. तसं नसतं. अशा पॉलिसीत डॉक्टर, सर्जन, ऑपरेशन थिएटर यांचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. एक लाखाचे साडेबासष्ट हजार मंजूर, बाकी तुम्ही. माझ्या पुतण्याने टीव्ही आणि सोफा असलेली खोली घेतली होती, अपेंडिक्सला. तो सोफा चाळीस हजारांना पडला, असं त्याची बायको अजून सांगते.

कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची तीन तासांत, असा विमा कंपन्यांना नियम आहे. दुपारी बाराला सोडलेला माणूस रात्री आठपर्यंत बसून असेल तर हे तीन तास बिलिंगच्या काउंटरवर आठवण करून द्या. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावणं खासगी हॉस्पिटलांना बंधनकारक आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. ही वेळ कुणावर न येवो, पण माहीत असावं.

महिन्यांची, वर्षांची दुखणी

दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे टीबीची तपासणी. उपचार सरकारी केंद्रात मोफत, शिवाय निक्षय या सरकारी योजनेतून खाण्यापिण्यासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात. खासगीत पैसे घालवून अर्ध्यावर गोळ्या सोडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

डायलिसिस आठवड्याला दोन-तीनदा, चार-चार तास. इथे सेंटर घराजवळचंच हवं, भारी मशीन दुय्यम. जाता-येता ट्रेनची गर्दी त्या माणसाला सोसत नाही.

कॅन्सरसाठी परळचं टाटा सगळ्यांना माहीत आहे. आपल्या बाजूला खारघरला टाटाचंच ॲक्ट्रेक हे केंद्र आहे, हे फार जणांना नाही. दुसरीकडे बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते पेशंटचे असतात. ते नसले की सुई पुन्हा.

कारखान्यात, दुकानात, सिक्युरिटीत काम करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी बघा. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात असते. मग वागळे इस्टेटचं कामगार रुग्णालय तुमच्या हक्काचं. सुरुवात कार्डावर लिहिलेल्या दवाखान्यातून, इमर्जन्सी सोडून. वर्षानुवर्षं कपात होते आणि माणूस कार्डच काढत नाही, अशी कितीतरी पाहिली.

आणि मनोरुग्णालय. "याला ठाण्याला पाठवा" हा अख्ख्या महाराष्ट्राचा विनोद आम्ही ठाणेकर जन्मापासून ऐकतो. १९०१ पासूनचं आहे ते. तिथे साधी ओपीडी असते, हे कुणी सांगत नाही. झोप लागत नाही, दारू सुटत नाही, बाळंतपणानंतर रडू थांबत नाही, म्हणून माणसं येतात, केसपेपर काढतात, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या आत घरी जातात. कुणी आत ठेवून घेत नाही. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र हॉस्पिटल नको असतं, घर हवं असतं. त्यासाठी नर्सिंग ब्युरोची बाई, बारा तासांची की चोवीस ते ठरवून, आणि तिचं ओळखपत्र बघून. फाउलर बेड (डोक्याकडून उचलता येणारी खाट), वॉकर, ऑक्सिजनचं मशीन विकत घेऊ नका. ठाण्यात रुग्णसाहित्य केंद्रं आहेत, अनामत ठेवून थोड्या भाड्यात देतात. माझ्या सासूबाईंची खाट आम्ही अशीच आणली होती. वर्षभराने परत करायला गेले तर तिथल्या आजोबांनी अनामत मोजून दिली आणि विचारलं, "चाकाला तेल घातलं होतं का?" नव्हतं घातलं. पन्नास रुपये कापले.

राहिली फाइल. डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, अँजिओग्राफीची सीडी, चालू गोळ्यांची यादी, कशाची ॲलर्जी, आधार आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स. हॉस्पिटलने कागद दिले नसतील तर लेखी मागा, बहात्तर तासांत द्यावे लागतात. सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, दारामागच्या खिळ्याला. कपाटात नको. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची कपाटात होती, आणि त्या रात्री किल्ली सापडत नव्हती.